दार लावलं तेव्हाची रेघ

आमच्या साहेबांना रेघ सरळ लागायची. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर जराशी थरथर दिसली की त्यांच्या कपाळावर आठी यायची. "हे काय गवत उगवलंय? स्वच्छ करा," म्हणायचे. आणि मी स्वच्छ करायचे. बारा वर्षांच्या नोकरीत मी घरातले ओटे पुसले नसतील इतक्या रेघा पुसल्या.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चाचणी विभागात आहे. आम्ही यंत्रांची, मुख्यतः थंड खोल्यांची, कंट्रोल कार्डं बनवतो. दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांचे जे पॅकहाऊस आहेत, तिथे माल पेटीत भरून झाला की तो गार खोलीत जातो. त्या खोलीचा कॉम्प्रेसर केव्हा चालू करायचा, पंखे किती फिरवायचे, दार उघडलं की चौकटीवरचा पंखा लावून बाहेरची गरम हवा कशी अडवायची, हे सगळं तळहाताएवढं एक कार्ड ठरवतं. त्या कार्डातल्या विजेचा दाब कसा खालीवर होतो, हे ऑसिलोस्कोप रेघ काढून दाखवतो. ती रेघ बघायची, मोजायची आणि खाली सही करायची, हे माझं काम.

नवा डिजिटल ऑसिलोस्कोप आला तेव्हा साहेबांनी त्याला हार घातला होता. नारळही फोडला, पण खोलीबाहेर, पाणी उडायला नको म्हणून. मग त्याच्यावर "परवानगीशिवाय हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली. परवानगी तेच देणार होते आणि त्यांना त्या यंत्राचं एकच बटण येत होतं: ऑटो. ते दाबलं की यंत्र आपलं आपण रेघ शोधतं, पडद्यात बसवतं आणि खाली आकडे मांडतं. सर्वांत उंच बिंदू किती, सर्वांत खोल किती, सरासरी किती, सेकंदाला किती लाटा, सगळं दशांशचिन्हानंतर चार घरांपर्यंत. साहेबांचा त्या चार घरांवर फार जीव. खाली चार आकडे आहेत म्हणजे वरची गोष्ट खरी असणारच, अशी त्यांची समजूत होती. पाहुणे आले की त्यांना खोलीत आणायचे, बटण दाबायचे आणि बाजूला सरकून उभे राहायचे. पाहुणे माना डोलवायचे. एकदा प्रोब, म्हणजे मोजायच्या जागी टेकवायची सुई, कशालाच जोडलेला नव्हता. तरीही माना डोलल्या.

मी साहेबांना मनातल्या मनात हसायचे. मला सगळी बटणं येत होती ना. पॉलिटेक्निकच्या वर्गात जुन्या, हिरव्या पडद्याच्या स्कोपवर चौकटी मोजून मी फ्रिक्वेन्सी काढलेली. त्यामुळे मी स्वतःला फार मोठी समजत होते. ग्राहकांच्या तक्रारींना आमच्या विभागात आम्ही 'गोष्टी' म्हणायचो. "आज एक नवीन गोष्ट आलीये" असं म्हणत डबा उघडायचा. ही माझीच लाडकी कोटी होती. आज ती आठवली की चेहरा लपवावासा वाटतो.

त्या वर्षी द्राक्षांच्या हंगामाच्या तोंडावर दिंडोरीजवळच्या एका पॅकहाऊसमधून अशीच एक गोष्ट आली. कार्ड मध्येच बंद पडतं, कॉम्प्रेसर थांबतो, पाच मिनिटांनी सगळं आपोआप सुरू होतं. आठवड्यातून दोन-तीनदा. साहेब म्हणाले, "लाईटचा प्रॉब्लेम असणार. जा, एक रेघ काढून आणा, म्हणजे विषय मिटेल." काय सापडणार हे निघायच्या आधीच ठरलेलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. छोटा, हातात मावणारा स्कोप घेतला आणि कंपनीच्या गाडीने गेले.

पॅकहाऊस चालवणारी बाई पन्नाशीची. अंगात साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल, कमरेला मोबाईल. बाग तिच्या घरची, पण पॅकहाऊस तिचं स्वतःचं. सगळे तिला काकू म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. आत लांब टेबलांवर पंधरा-वीस बाया घडातले खराब मणी कात्रीने काढत होत्या. हरसूल, पेठकडून हंगामापुरत्या आलेल्या.

काकूंनी मला पॅनेलसमोर उभं केलं आणि सांगितलं, "मॅडम, हे दार लावलं की होतं बघा. उघडताना नाय. लावताना. आधी टक्क करतं, मंग डिस्प्ले जातो. दर टायमाला नाय होत. कवातरी होतं."

मी हसले. शिकलेली माणसं अडाण्यांना हसतात ते हसू. म्हटलं, "काकू, दाराचा आणि कार्डाच्या सप्लायचा काही संबंध नसतो. तुमची लाईन वरखाली होत असेल."

"लाईन ठीक हाय. स्टॅबिलायझर हाय."

"ते आम्ही बघतो."

आणि मी बघितलं. कार्डाच्या पाच व्होल्टच्या सप्लायवर प्रोब लावला. पडद्यावर एक सेकंद मावेल एवढा वेग ठेवला, म्हणजे रेघ ऐसपैस दिसेल. रेघेवर थोडं गवत होतं. साहेब डोळ्यांसमोर आले आणि मी ॲव्हरेज चालू केलं. या सोयीत यंत्र एकामागून एक चौसष्ट रेघा घेतं आणि त्यांची सरासरी काढून एकच दाखवतं. जे दर वेळी असतं ते उरतं, जे कधीतरी असतं ते विरून जातं. मिनिटाभरात रेघ इस्त्री केल्यासारखी झाली. खाली आकडे आले: सरासरी पाच व्होल्टला अगदी चिकटून, वरखाली नगण्य. त्या मिनिटात दार उघडं होतं की बंद, हे मी पाहिलंदेखील नाही. मी पॅनेलकडे तोंड करून उभी होते, दार माझ्या पाठीमागे होतं.

काकू म्हणाल्या, "थांबा की, दार लावून दाखवते."

मी म्हटलं, "गरज नाही, आलं सगळं."

अहवालात लिहिलं: कार्डाचा सप्लाय उत्तम. ग्राहकाच्या वीजपुरवठ्यातील चढउतार तपासावेत. साहेबांनी चित्र पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "वा." त्या एका 'वा'वर मी आठवडाभर फुशारले.

दहा-बारा दिवसांनी काकू कारखान्यातच आल्या. हातात द्राक्षांची पेटी. रिसेप्शनवरच्या मुलीने "अपॉइंटमेंट आहे का" विचारलं तेव्हा काकूंनी पेटी तिच्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. मग अपॉइंटमेंट झाली.

मीटिंगच्या खोलीत ती पेटी चकचकीत टेबलाच्या मधोमध. मणी घामेजलेले, देठ काळपट पडलेले. आदल्या दिवशी दुपारी बाया जेवायला बसल्या असताना कार्ड बंद पडलं होतं आणि या वेळी परत उठलंच नाही. कुणाच्या लक्षात येईपर्यंत खोली गरम झाली होती. परदेशी जाणारा माल देठावरून पारखतात. तो देठच गेला होता.

साहेबांनी पेटीकडे एकदा पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून टेबलावर उतरलेलं पाणी टिपलं. मग प्रोजेक्टरवरून भिंतीवर माझा अहवाल लावला. सरळ रेघ खोलीभर पसरली.

"हे बघा ताई," साहेब म्हणाले. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बाईला ते ताई म्हणत होते आणि स्वर मात्र शाळेतल्या पोरीशी बोलावं तसा. "हा तुमच्याच कार्डाचा वेव्हफॉर्म. आमच्या इंजिनिअरने तुमच्याच जागेवर येऊन घेतलाय. यात बघा, आरएमएस व्हॅल्यू, पीक टू पीक, स्टँडर्ड डेव्हिएशन. चार दशांशांपर्यंत. आता यावर काय बोलायचं?"

काकूंनी रेघेकडे नीट पाहिलं. डोळे बारीक करून, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. मग माझ्याकडे वळल्या.

"ही रेघ काढली तवा दार कोण लावत होतं?"

साहेब म्हणाले, "दाराचा इथे काय..."

"मी यांना इचारते."

मी म्हटलं, "कुणी नाही."

"मंग ही रेघ कशाची हाय?"

उत्तर साहेबांनी दिलं. पाच मिनिटं दिलं. त्यात सॅम्पलिंग रेट आला, बँडविड्थ आली, नवा स्कोप कुठून मागवला ते आलं. काकू तोवर पेटीचं झाकण लावत होत्या. जाताना त्यांनी पेटी तिथेच ठेवली. साहेबांनी ती संध्याकाळी हाऊसकीपिंगच्या माणसाला बाहेर टाकायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पुण्याला गेले होते. मी चिठ्ठी लावलेला मोठा स्कोप टेबलावर ओढला. तसंच एक कार्ड घेतलं, दारावरच्या पंख्याला असतो तसला कॉन्टॅक्टर त्याला जोडला. कॉन्टॅक्टर म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, आत तांब्याच्या तारेची कॉइल असलेला. काकूंचा 'टक्क' हाच. दार लावलं की कार्ड त्या कॉइलची वीज तोडतं, पंखा थांबतो. दाराचा आणि कार्डाचा संबंध नसतो म्हणणाऱ्या बाईने तो संबंध जोडणारी वायर स्वतःच्या हाताने बसवली.

मग आधी हिशोब केला, जो दिंडोरीला करायला हवा होता. मी पडद्यावर एक सेकंद ठेवला होता. त्या छोट्या स्कोपच्या स्मृतीत एक लाख बिंदू मावतात. म्हणजे दोन बिंदूंमध्ये दहा मायक्रोसेकंदांची फट. त्या फटीत काहीही घडून गेलं तरी यंत्राला पत्ता नाही. ते दोन्ही काठ जोडून सरळ रेघ मारून मोकळं होतं. आणि चुकून एखादा बिंदू झटक्यावर पडलाच, तर त्याचे चौसष्ट वाटे करायला माझं ॲव्हरेज बसलेलंच होतं. मी दोन चाळण्या लावल्या होत्या आणि दोन्ही उलट्या.

ॲव्हरेज बंद केलं. वेग वाढवला. सप्लाय साडेपाच व्होल्टच्या वर गेला तरच पडदा गोठव, एकदाच, असं यंत्राला सांगितलं. आणि हाताने कॉन्टॅक्टर चालू-बंद करायला बसले. टक्क. काही नाही. टक्क. काही नाही. वीस झाले. पंचवीस झाले. मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या: सापडावं आणि सापडू नये. सापडलं नसतं तर मी शहाणी ठरले असते.

एकतिसाव्या टक्कला पडदा गोठला.

इतकं कुरूप चित्र मी त्या स्कोपवर कधी पाहिलं नव्हतं. सपाट चालत आलेली रेघ अचानक नऊ व्होल्टच्या जवळ उसळली, तिथून दोनच्याही खाली कोसळली, मग थरथरत थरथरत परत पाचवर येऊन बसली. दोन कर्सर ओढून लागोपाठच्या दोन शिखरांवर ठेवले. मधलं अंतर दोनशे नॅनोसेकंद. एक भागिले तेवढं, म्हणजे सेकंदाला पन्नास लाख थरथरी. सगळा तमाशा अडीच मायक्रोसेकंदांत आटोपलेला. माझ्या दहाच्या फटीत असे चार बसले असते. पण कार्डावरच्या चिपला तेवढं पुरे होतं. दाब दोनच्या खाली गेला की ती बावचळते, सगळं विसरते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. कधीकधी तेही करत नाही.

प्रोबची ग्राउंडची, म्हणजे अर्थिंगची, वायर लांब असली तरी असली थरथर खोटीच दिसू शकते, हे मला माहीत होतं. म्हणून आखूड वायर लावून पुन्हा बसले. चाळीसेक टक्कांनंतर पुन्हा तेच. जरा कमी उंच, पण तेच.

कॉइल बंद होताना असा झटका मारते, ही काही नवी गोष्ट नाही. तो गिळून टाकायला कार्डावर एक छोटा भाग असतो. आमच्याही कार्डावर असायचा. आदल्या वर्षी साहेबांनी कार्ड लहान करायला घेतलं, तेव्हा तो काढला. कार्ड लहान झालं म्हणून वार्षिक समारंभात त्यांना शाल आणि स्मृतिचिन्ह मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते, दुसऱ्या रांगेत.

त्याच संध्याकाळी साहेब पुण्याहून आल्यावर मी चित्र घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, दिंडोरीचं सापडलं."

त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, उंची विचारतील, रुंदी विचारतील.

"हे अजून कुणाला दाखवलंय?"

"नाही."

"मग नका दाखवू. हे लॅबमधलं आहे. लांब ग्राउंडने असलं काहीही दिसतं."

"आखूड लावून परत घेतलंय, सर. हे दुसरं बघा."

दुसरं त्यांनी पाहिलं नाही. "ॲव्हरेज लावून बघितलं?"

"ॲव्हरेज लावलं की ते जातं, सर."

"मग!" साहेबांचा चेहरा उजळला. "जातं म्हणजे नाहीच ना ते."

हा माणूस अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, मुलाखतीत पोरांना ओहमचा नियम विचारून घाम फोडणारा. साठ वेळा नीट चाललेल्या आणि एकदा विहिरीत पडलेल्या माणसाची सरासरी काढली, तर तो सपाट रस्त्यावर सुखरूप आहे असंच निघेल. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते चांगलं कळत होतं, म्हणून तर शाल आठवून ते ॲव्हरेजच्या आड जाऊन बसले होते. आणि ती आडोशाची जागा त्यांना मीच झाडून-पुसून दिली होती.

"तुमचा पहिला रिपोर्ट चांगला आहे," ते म्हणाले. "तोच राहू दे. सही तुमचीच आहे त्याच्यावर."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी मऊ आवाजात म्हटलं.

इथे मी ताडकन उठून काहीतरी सुनवलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी "बरं सर" म्हणाले, चित्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि दोन दिवस काहीही केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवर काकूंचा व्हिडिओ आला.

व्हिडिओत कार्डाचा डिस्प्ले होता, अगदी जवळून घेतलेला. मागे दार लावल्याचा आवाज, मग काकूंचा आवाज: "येक." पुन्हा दार. "दोन." अशी ती मालिका. मणी निवडणाऱ्या बायांपैकी एक दार उघडत-लावत होती, काकू मोजत होत्या. मोबाईल जराही हलत नव्हता. सव्वीसला टक्क झालं आणि डिस्प्ले काळा पडला. काकूंनी काही टीका केली नाही. फक्त म्हणाल्या, "सव्वीस," आणि व्हिडिओ संपला.

ऑसिलोस्कोप नाही, प्रोब नाही, दशांशाची चार घरं नाहीत. जे लक्षण आहे ते घडवून आणायचं आणि घडेपर्यंत बघत राहायचं. चाचणी म्हणजे एवढंच असतं, हे मला बारा वर्षं पगार देऊन शिकवलेलं होतं, आणि ती बाई ते न शिकता करून मोकळी झाली होती. मी कॅन्टीनच्या मागे जाऊन फोन लावला.

"काकू, दोष आमच्या कार्डात आहे. तुम्ही म्हणालात तसंच आहे. दार लावतानाच होतं."

"ते मला म्हाईत हाय," काकू म्हणाल्या. "तुम्हाला कवा कळलं?"

"तीन दिवस झाले."

पलीकडे कात्र्यांचा आवाज येत होता.

"तीन दिस? मंग आज का सांगता?"

उत्तराऐवजी मी ॲव्हरेज म्हणजे काय ते सांगत बसले. पहिल्या रेघेत झटका का दिसला नाही, बिंदूंमधली फट, चौसष्ट वाटे, टेबलावर एकदा तिसाच्या पुढे आणि एकदा चाळीसला गेलं तेही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "म्हंजे रेघ चांगली दिसावी म्हणून तुम्ही पुसून घेतली?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "ते चित्र पाठवा मला." मी ड्रॉवरमधून काढलं, मोबाईलने फोटो घेतला आणि पाठवलं. कुणी येईल म्हणून घाईत काढला, त्यामुळे फोटो तिरका आला.

पुढच्या आठवड्यात काकू पुन्हा आल्या. या वेळी पेटी नव्हती, मोबाईल होता. तो त्यांनी साहेबांना न दाखवता थेट कंपनीच्या मालकांसमोर धरला. आधी व्हिडिओ, मग माझा तिरका फोटो. मालक स्वतः वायरमनचं काम करत वर आलेले. त्यांनी चित्र पाहिलं आणि एकच प्रश्न केला, "कॉइलवरचा पार्ट कुठे गेला?"

त्यानंतर साहेबांनी जे केलं, त्याला दाद द्यावी लागेल. एक श्वास घेतला आणि म्हणाले, "सर, तेच आम्ही शोधून काढलंय. माझ्या टीमने सखोल वेव्हफॉर्म ॲनालिसिस केलं. मीच त्यांना पीक डिटेक्ट वापरायला सांगितलं होतं." पीक डिटेक्ट, म्हणजे बिंदूंमधले निसटते झटके टिपायची सोय, मी वापरलंच नव्हतं. तो शब्द त्यांनी माहितीपुस्तिकेच्या अनुक्रमणिकेतून उचलला असणार. मी मान खाली घालून बसले. काकू माझ्याकडे बघत होत्या, त्यामुळे वर बघण्याची सोय नव्हती.

कार्डावर तो छोटा भाग परत आला. सगळ्या ग्राहकांना पत्र गेलं: "आपल्या बहुमोल सूचनांचा आदर करून आम्ही कार्डाची सुधारित आवृत्ती सादर करीत आहोत." काकूंनी पत्र मिळाल्यावर फोन करून मला विचारलं, "सूचना कुणी केली? मी तर तक्रार केली होती." मी म्हटलं, पत्रात तक्रार हा शब्द बसत नाही. "मंग कागद मोठा घ्यायचा," त्या म्हणाल्या.

नवं कार्ड बसवायला मालकांनी साहेबांनाच पाठवलं, सोबत मी. साहेब पॉलिश केलेल्या बुटांत आले. कार्ड बसलं, डिस्प्ले लागला, साहेबांनी हात झटकले. काकू म्हणाल्या, "आता दार लावा."

साहेबांनी दार लावलं. टक्क. डिस्प्ले जागचा हलला नाही.

"येक," काकू म्हणाल्या.

"झालं की, ताई."

"शंभर करायचे हायेत. पंचवीस-तीसला जायचं ते. मॅडमच्या टेबलावर चाळीसला गेलं होतं."

थंड खोलीचं दार जड असतं. साहेब उघडायचे, लावायचे. बाया हातातल्या कात्र्या न थांबवता मोजायला लागल्या, सगळ्या एका सुरात. चाळीसला साहेबांनी कोट काढला. साठला ते म्हणाले, "साधारण लक्षात आलं ना आता?" काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणाल्या, "ॲव्हरेज नका काढू, साहेब. लावा." बाया खळखळून हसल्या. त्यांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण कुणाला उद्देशून आहे ते कळलं होतं. एक्काहत्तरला मी पुढे झाले आणि म्हटलं, उरलेले मी लावते. साहेबांची दया आली म्हणून नाही. ते दार मी पहिल्याच दिवशी लावायला हवं होतं. शंभर झाले, डिस्प्ले गेला नाही. काकूंनी कागदावर सही केली आणि कामाला लागल्या. आम्हाला पाणी विचारलं, चहा विचारला नाही.

लोकांना वाटतं की अशा गोष्टीनंतर माणूस नोकरी सोडतो. मी सोडली नाही. साहेबही तिथेच आहेत. पुढच्या समारंभात सुधारित आवृत्तीसाठी त्यांचा पुन्हा सत्कार झाला. माझ्या वार्षिक शेऱ्यात 'संघभावना वाढवण्यास वाव' असं आलं. तो शेरा मी वाचला, फाईलला लावला आणि जेवायला गेले.

एक मात्र करते. आता प्रत्येक अहवालात चित्राखाली एक ओळ टाकते: ही रेघ घेताना ॲव्हरेज चालू होतं की बंद, दोन बिंदूंमधलं अंतर किती, कार्डाला काय काय जोडलेलं होतं आणि ते किती वेळा चालू-बंद केलं. साहेब ती ओळ टाईप झालेल्या प्रतीतून काढून टाकतात; म्हणतात, ग्राहक गोंधळतो. म्हणून मी ती सही करताना पेनने लिहिते. अजून एकाही ग्राहकाने ती ओळ वाचून काही विचारलेलं नाही. बहुतेक जण चार दशांशांवरच समाधानी असतात. मागच्या महिन्यात एका घोटीच्या भातगिरणीवाल्याला अहवाल देताना मी ती ओळ बोटाने दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे आमचा."

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "तो ठेवू नका. आधी सांगा, तुमचं मशीन बंद पडतं तेव्हा नेमकं काय चालू असतं?"